धामण दूध का पीत नाही?

मागच्या पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटाकडच्या एका वस्तीवरून मला फोन आला. "सर, चार दिवस झाले, धामण धरून ड्रममधी ठिवलीय. दूध ठिवलं, अंडं ठिवलं, तोंडच लावीना. काय द्यावं खायला?" आवाजावरून मुलगा अकरावी-बारावीतला वाटला. सापाला त्रास द्यावा असे त्याच्या मनात नव्हते, उलट तो उपाशी मरेल अशी काळजी होती. त्याच दिवशी वनरक्षकांना कळवून आम्ही ती धामण त्याच शिवारात सोडली. पण असे फोन सर्पमित्रांना दरवर्षी येतात, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे.

पहिली गोष्ट अशी की, साप आपल्यासारखा रोज जेवत नाही. आपण खातो त्यातला बराच भाग शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. साप ही ऊब उन्हातून, तापलेल्या दगडातून घेतो. त्यामुळे एक उंदीर त्याला कित्येक दिवस पुरतो. दुसरी गोष्ट म्हणजे भीती. नुकताच पकडलेला साप चहूबाजूंनी उघडा पडलेला असतो. लपायला जागा नाही, माणसे वाकून बघताहेत, कोणी काठीने डिवचतो आहे. अशा वेळी तो खात नाही. जबरदस्तीने भरवले तरी बहुधा ओकून टाकतो. शिवाय पुरेशी ऊब नसेल तर गिळलेले पचतही नाही.

परदेशात साप पाळण्याची रीत आहे. तिथे आफ्रिकेतला बॉल पायथन नावाचा लहान अजगर बरेच लोक ठेवतात. ते काय करतात, हे ऐकण्यासारखे आहे. नवा साप आणला की पहिला आठवडाभर त्याला हातही लावत नाहीत आणि खायलाही देत नाहीत. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी थंड ठेवतात, दोन्हीकडे लपायला आडोसा आणि एक पाण्याचे भांडे. मग सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा मेलेला उंदीर देतात. जिवंत देत नाहीत, कारण उंदीरच सापाला चावून जखमी करतो. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलत नाहीत. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही तो खात नाही. एवढे करूनही हा अजगर कधी कधी महिनोन् महिने उपाशी राहतो. जाणकाराच्या घरी ही गत, तर आपल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये काय होणार?

आता दुधाविषयी. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. त्याला ते पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पिताना दिसतो, तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. समोर येईल ते पातळ तो पितो. ते दूध श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला संसर्ग होऊन साप मरतो. श्रद्धेने पाजलेले दूध असे त्याच्या जिवावर बेतते.

कायदाही समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा साप, मग तो बिनविषारी धामण का असेना, घरात ठेवणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींसाठी कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी बंधनकारक केली. विकत घेतला आणि पेटीत ठेवला, इतके ते सोपे राहिलेले नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट जिवाची आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. अजगराचे पिल्लू समजून घोणस उचलणारे आणि कवड्या समजून मण्यार हाताळणारे लोक असतात. ओळखीची खात्री नसलेला साप ड्रममध्ये ठेवणे म्हणजे घरातल्या लहान मुलाजवळ काय ठेवले आहे, हेच ठाऊक नसणे.

धामणीची जागा शेतातच आहे. ज्वारी-बाजरीवर ताव मारणारे उंदीर ती फुकट खाते. म्हणून साप घरात निघाला तर दुरून नजर ठेवा, मुलांना बाजूला करा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परवानगी असलेल्या सर्पमित्राला कळवा. दंश झालाच तर कापू नका, रक्त चोखू नका, दोरी आवळू नका. दंश झालेला अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून रुग्णाला सरळ सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिविष तिथे मिळते, मंत्राने विष उतरत नाही. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींनी तर कोपीत जमिनीवर झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाऊल टाकू नये. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही.