टाइपरायटरचा पावसाळा

रत्नागिरीत लोखंडाची वस्तू घेणारा माणूस गंजाचा हिशेब मनात धरूनच घेतो. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, पंख्याची जाळी, सगळ्यांतून समुद्र आपला वाटा उचलतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि उरलेलं वर्ष खारा वारा. अशा गावात हजारावर सुटे भाग असलेलं पोलादी यंत्र दोन-तीन पिढ्या टिकायचं म्हणजे नवलच. तरीही घरांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोल्यांत, वकिलांच्या जुन्या कचेऱ्यांत टाइपरायटर अजून सापडतात. भंगारात काढण्याआधी एकदा त्यांची कळ दाबून पाहावी. बहुतेक यंत्रं मेलेली नसतात, आखडलेली असतात.

आखडण्याची कारणं दोन. एक म्हणजे विश्रांती, आणि दुसरं, ऐकायला विचित्र वाटेल, पण तेल.

विश्रांतीचं उदाहरण उलट बाजूने घेऊ. मुंबईचे चंद्रकांत भिडे टाइपरायटरवर चित्रं काढतात. अक्षरं, फुल्या, रेघा एकावर एक मारून माणसांचे चेहरे उभे करतात. युनियन बँकेतून निवृत्त होताना त्यांचा रोजचा हाल्डा टाइपरायटर बँकेने त्यांना एक रुपयात दिला, आणि पुढेही तो त्यांच्या हाताखाली राबत राहिला. चालत्या यंत्राचे सांधे एकमेकांवर घासून आपोआप स्वच्छ राहतात. झाकण घालून जपलेल्या यंत्रात मात्र धूळ, रिबिनीचा कापूस, खोडरबराचा चुरा आणि पूर्वी कोणीतरी प्रेमाने घातलेलं तेल यांचा चिकट लगदा होतो आणि टाइपबार वर उठले की परत यायला तयार होत नाहीत.

आपल्याकडे हाती लागणारं यंत्र बहुधा गोदरेजचं किंवा रेमिंग्टनचं असतं, कधीमधी हाल्डा किंवा फॅसिट. रेमिंग्टनचा पसारा कलकत्त्याचा, हाल्डा मद्रासच्या रायला कॉर्पोरेशनचा. गोदरेज अँड बॉइसने पहिला भारतीय टाइपरायटर १९५५ साली बाजारात आणला आणि पुढे प्रायमा हे मॉडेल सरकारी कचेऱ्यांत इतकं पसरलं की टाइपरायटर म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी वर्षाला पन्नास हजारांच्या घरात यंत्रं काढत होती. शेवटचा कारखाना पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिरवळला होता आणि तिथलं उत्पादन २००९ मध्ये थांबलं. २०११ मध्ये ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी देशोदेशी फिरली, लोकांनी हळहळ व्यक्त केली. बातमी दोन वर्षं शिळी होती, आणि ‘जगातला शेवटचा’ हेही खरं नव्हतं. एवढं मात्र खरं की उत्पादन थांबल्यापासून नवे सुटे भाग येणं संपलं. मोडलेल्या भागाला आता दुसऱ्या मोडलेल्या यंत्रातूनच जोडीदार शोधावा लागतो. म्हणून भंगारवाल्याकडे निम्म्या कळा गेलेलं प्रायमा दिसलं तर वजनावर उचलून ठेवावं.

पूर्वी यंत्राची सफाई-दुरुस्ती घरी करायची गरज नव्हती. क्लासचा आणि कचेऱ्यांचा सर्व्हिसिंगवाला ठरलेला असे. हातात पिशवी, पिशवीत ब्रश, लांब दांड्याचे स्क्रूड्रायव्हर, आकडे आणि पेट्रोलची बाटली. तो गेला. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्राच्या टंकलेखन परीक्षेला बसणाऱ्यांची, तीस-चाळीस शब्दांचा वेग गाठणाऱ्यांची रांग संगणकाकडे वळली, क्लासच्या खोल्यांतली यंत्रं गेली, आणि त्यांच्यामागून तोही. त्याची विद्या आता ज्याच्या घरी यंत्र आहे त्याने शिकायची. सुदैवाने टाइपरायटर लपवाछपवी करत नाही. वरचं झाकण काढलं की कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा सगळा प्रवास डोळ्यांना दिसतो: कळ, तिची पट्टी, पट्टीने ओढलेला टाइपबार, रिबिनीवर ठोका. त्याच ठोक्याबरोबर मागची दातेरी यंत्रणा सुटते आणि स्प्रिंगने ओढलेली कॅरेज एक घर पुढे जाते. रिपेअरवाला पाहतो तेच आपण पाहायचं आणि घाई करायची नाही.

पहिलं काम मोबाइलवर फोटो काढण्याचं. चारी बाजूंनी, रिबिनीचा मार्ग दिसेल असे. मग कोरडी सफाई: रंगाचा मऊ ब्रश, हातपंप किंवा ब्लोअर, चिमटा. कोकणातल्या माळ्यावरून उतरवलेल्या यंत्रात कुंभारमाशीचं मातीचं घर, पालीच्या अंड्यांची टरफलं, झुरळांची वस्ती असं काहीही निघू शकतं, तेव्हा हे काम अंगणात करावं आणि घरच्यांचा रोष टाळावा. कॅरेज एका टोकाला नेऊन तिच्याखालची जागा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन उरलेली. यंत्र उचलायचं ते बुडाला हात घालून, कॅरेजला धरून कधीच नाही.

यंत्राचं हृदय म्हणाल तर सेगमेंट: अर्धचंद्राकृती पोलादी तुकडा आणि त्यातल्या बारीक खाचा. प्रत्येक खाचेत एक टाइपबार बसलेला असतो. खाच आणि बार यांच्यामधली फट इतकी थोडी की वाळलेल्या तेलाचा थर पुरतो अडकायला. इथे तेल घालू नये. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे, कारण अडकलेलं यंत्र पाहिलं की घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात आपसूक शिवणयंत्राच्या तेलाच्या बुधलीकडे जातो. तेल घातल्यावर दोन दिवस कळा लोण्यासारख्या चालतात. तिसऱ्या महिन्यात आधीपेक्षा वाईट. स्प्रेच्या डब्यातलं तेलही तसलंच. सेगमेंटला हवं ते धुणं: ड्रायक्लीनिंगवाले वापरतात ते व्हाइट पेट्रोल किंवा रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन. खाली जुनी कापडं अंथरायची, रंगवलेल्या भागांवर आणि रबरी रोलरवर फडकं टाकायचं, ब्रशने थोडं थोडं द्रव खाचांत सोडायचं आणि बार हाताने वरखाली करायचे. काळं पाणी निघेल. पुसायचं, पुन्हा सोडायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास विडी, गॅस, देवघरातली निरांजन काहीही पेटतं नको. ही वाफ पटकन पेट घेते. रॉकेल वापरण्याची जुनी रीत आहे, स्वस्त म्हणून. पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ पुन्हा त्यालाच धरते.

तेल देण्याची जागा आहे, पण दुसरी. कॅरेज ज्या रुळांवरून धावते तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, आणि तोही फडक्याने पुसून घ्यायचा.

इथपर्यंत इंग्रजी आणि मराठी यंत्र सारखंच. पुढे वाटा फुटतात, आणि मला या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. यंत्राला कळा ४४ ते ४६, शिफ्टसह जेमतेम नव्वद चिन्हं. इंग्रजीची दोन्ही वळणांची ५२ अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं त्यात ऐसपैस बसतात. देवनागरी बसत नाही. स्वर, बाराखडी, जोडाक्षरं यांचा संसार नव्वद खोल्यांत कोंबायचा तर काटकसर करावी लागते. हा प्रश्न रत्नागिरीने फार जवळून पाहिला आहे. १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध असलेले सावरकर लिपिशुद्धीचा आग्रह धरत होते: इ, ई, उ, ऊ, ए ही वेगळी रूपं सोडून ‘अ’लाच वेलांट्या, उकार, मात्रा लावाव्यात, जोडाक्षरं एकाखाली एक न रचता शेजारी शेजारी मांडावीत, म्हणजे छापखान्याचे खिळे कमी होतील आणि नागरी यंत्रावर बसेल. ती अ-ची बाराखडी रूढ झाली नाही. पण जोडाक्षरं शेजारी मांडण्याची दिशा टाइपरायटरला टाळता आलीच नाही. तिथे ख, घ, थ, ध, भ, ण, श, ष ही पूर्ण अक्षरं ठेवलेलीच नाहीत. त्यांची अर्धी रूपं आहेत, आणि पुढे काना मारला की अक्षर पुरं होतं.

म्हणून मराठी यंत्रात सगळ्यात जास्त राबतो तो काना. ‘भाषण’ लिहायचं तर अर्धा भ, त्याचा काना, मग आकाराचा काना, अर्धा ष, काना, अर्धा ण, काना. तीन अक्षरांच्या शब्दात चार काने. कान्याचा टाइपबार किंचित वाकला तर एक अक्षर बिघडून भागत नाही, निम्मी वर्णमाला फाटते; भ आणि त्याचा दंड यांच्यात फट पडते. जुनं मराठी यंत्र विकत घेताना ‘भ’ आणि ‘ष’ची एकेक ओळ मारून पाहावी. त्या ओळींत दिसेल ते दुकानदाराच्या तोंडातून कधी निघणार नाही.

दुसरी परीक्षक शिरोरेषा. इंग्रजीत एखादं अक्षर केसभर वर उमटलं तर वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, जुन्या टाइपचं सौंदर्य म्हणून त्याचं कौतुक होतं. देवनागरीत रेघ तुटते आणि ती लगेच खुपते. बऱ्याच वेळा दोष वाकलेल्या बारचा नसतोच. टाइपच्या तोंडावर साचलेल्या शाईच्या किटणाचा असतो. शिरोरेषेखालच्या कोपऱ्यात रिबिनीचा कापूस आणि शाई घट्ट बसते, ष आणि क्ष यांच्या पोटात तर ठासून. कडक केसांचा दात घासायचा ब्रश थोड्या स्पिरिटमध्ये बुडवून टाइपच्या तोंडावर फिरवावा, बारीक पोकळ्या लाकडी टूथपिकने मोकळ्या कराव्यात. सुई टोचली की धातूवर ओरखडा येतो आणि तो ओरखडा पुढे प्रत्येक पानावर उमटतो. स्पिरिट रंगावर आणि कळांवरच्या अक्षरांवर सांडू देऊ नये. जुना रंग त्याने उठतो.

मात्रा, अनुस्वार, उकार, रफार यांच्या कळा मारल्या की कॅरेज पुढे सरकत नाही. ती चिन्हं अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसायची असतात. स्वच्छ केल्यावरही मात्रेवर गाडी सरकत असेल तर प्रकरण मागच्या दातेरी यंत्रणेच्या जुळवणीचं आहे, आणि तिथे घरगुती हौशीने हात घालू नये असं माझं मत. एका स्क्रूला अर्धा फेरा दिला की तीन जागा बिघडतात. अनुस्वाराचं दुखणं निराळं. टिंबाच्या जागी कागदाला भोक पडत असेल तर समजावं की रोलरचं रबर दगड झालंय. नखाने दाबून पाहा, दबत नसेल तर तेच. गुळगुळीत चमक आलेली असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवता येतो. त्याहून सोपं म्हणजे कागदामागे आणखी एक जाड कागद लावून टाइप करणं.

कॅरेज मुळीच हलत नसेल तर बहुधा तिची ओढदोरी तुटलेली असते: गोल डबीतल्या स्प्रिंगला कॅरेजशी बांधणारी पट्टी किंवा दोरी. जगभरचे हौशी तिच्या जागी मासेमारीची दोरी लावतात, आणि या बाबतीत मिरकरवाड्यासारखं बंदर हाकेवर असणं ही चैनच आहे. नायलॉनचा एकपदरी तंगूस मात्र नको. तो ताणला जातो आणि टाइप करताना अंतरं चुकतात. जाळी विणायची बारीक पिळाची दोरी घ्यावी. डबी हातातून सुटली तर स्प्रिंग एका झटक्यात उलगडते, बोटांची सालं काढते, म्हणून जुनी दोरी सोडण्याआधी डबी घट्ट धरून किती फेरे ताण होता ते मोजून लिहून ठेवावं.

आणि पाऊस. जूनमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत यंत्र गच्च बांधून ठेवणारे लोक मी पाहिलेत. आतली दमट हवा आतच अडकते आणि ऑगस्टपर्यंत क्रोमवर लाल ठिपके येतात. सुती कापडाचं झाकण बरं, खाली नमदा, आणि शक्य असेल तर बंद कपाटात छोटा पिवळा बल्ब, जसा पेटीवाले आणि कॅमेरावाले लावतात तसा. एलईडी लावून उपयोग नाही, त्याची ऊब पुरत नाही. गंज आलाच तर सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात भिजवून घासावं आणि तेल पूर्ण पुसून काढावं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रोज एक पान टाइप करणं. वाण्याची यादी चालेल.

रिबीन अजून मिळते, अर्धा इंच रुंदीची. ती प्लॅस्टिकच्या चक्रीवर येते आणि जुन्या यंत्रात ती चक्री नीट बसत नाही. म्हणून मूळ धातूच्या चक्र्या फेकू नका. नवी रिबीन उलगडून त्यांच्यावर गुंडाळा, टोकाजवळची धातूची कडी दिशा बदलणाऱ्या खाचेत अडकते का पाहा, आणि हात पुसायला जुना टॉवेल जवळ ठेवा, कारण ती शाई साबणाने जात नाही.