प्रतिजैविके आणि ‘शेवाळ’ नसलेले शेवाळ

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब दाटीने आहेत. त्यामुळे प्रतिजैविकाची चाचणी म्हटले की रुग्णाचा नमुनाच आठवतो. सायनोबॅक्टेरियावरची (नील-हरित जिवाणू) चाचणी वेगळी असते. त्यांना शेवाळ म्हणायची रूढी आहे, म्हणून ही औषधे त्यांना बाधणार नाहीत असे वाटते. पण ते जिवाणूच आहेत; पेनिसिलिन त्यांच्याही पेशीभित्तिकेची (पेशीभोवतालचे कवच) बांधणी रोखते. प्रतिजैविक दिलेल्या गाईच्या दुधाला विरजण नीट लागत नाही, तसेच हे. प्रयोगशाळेत चढत्या मात्रेच्या चंबूंमध्ये सारखीच पेरणी करतात, सारखाच प्रकाश देतात आणि साधारण ७२ तास वाढ मोजतात. वाढीचा वेग निम्म्यावर आणणारी मात्रा (ईसी-५०) नोंदवली जाते. म्हणजे प्रश्न ‘मेले की जगले’ एवढाच नसतो.

मग तलावावरचा हिरवा तवंग औषधानेच का काढू नये? कारण फुटणाऱ्या पेशींतून मायक्रोसिस्टिन (यकृताला घातक विष) पाण्यात सुटू शकते आणि इतर जिवाणूंत औषधाला न जुमानण्याची क्षमता वाढते. नाग नदीसारख्या प्रवाहात औषधाचा अंश नगण्यच असेल, मग ही चाचणी कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण घेतलेल्या अनेक प्रतिजैविकांचा काही भाग न बदलता मूत्रावाटे सांडपाण्यात उतरतो, आणि तोही रोज. म्हणून अल्प मात्रेचा दीर्घ संपर्कही तपासायला हवा.