मागचा जिना काय सांगतो?

१८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून मध्यमवर्गीय वसाहती उभ्या राहिल्या. चाळीतला सामाईक संडास इथे ब्लॉकच्या आत आला. हा बदल निव्वळ आरोग्यासाठी होता, असे म्हटले जाते. पण फ्लशमुळे मैला वाहून नेण्याची गरज संपली, तरी अनेक इमारतींच्या मागे सफाई कामगारांचा वेगळा जिना होताच. त्यामागे शिवाशीव होती. जिन्यावरून समाज असा वाचणे हेही पुरातत्त्वच. उत्खननाशिवाय हे पुरातत्त्व कसे, असा आक्षेप येईल. मात्र वस्तूंवरून जगणे वाचणे हेच या शास्त्राचे काम, मग ती वस्तू जमिनीखाली असो वा वर. म्हणून पुनर्विकासात पाडण्याआधी या जिन्यांची रीतसर नोंद झालीच पाहिजे.