डावीकडचे शहर उजवीकडे

परदेशी शिकावयास निघालेल्या मुलाबरोबर आपण बेसनाचे लाडू देतो, मेतकूट देतो, देवापुढचा अंगारा देतो. परक्या गावात वाट शोधण्याची विद्या मात्र देत नाही. बडोद्याला परदेशगमन नवे नव्हे. या संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला शिकावयास गेले. तरीही या उणिवेची जाणीव आम्हांस झाली ती गेल्या वर्षी, आमची भाची जपानातील क्योटो विद्यापीठात दाखल झाली तेव्हा.

क्योटो हे मुळात आखून वसविलेले शहर. इ. स. ७९४ मध्ये राजधानी म्हणून ते उभारताना चीनच्या चांगआन या राजधानीचा नमुना डोळ्यांपुढे होता. रस्ते सरळ व एकमेकांस काटकोनात छेदणारे. आडव्या मोठ्या रस्त्यांचे क्रमांक उत्तरेकडून मोजलेले. शिजो म्हणजे चौथा, गोजो म्हणजे पाचवा. जपानातील इतर बहुतेक शहरांत पत्ता घरांच्या गटांच्या क्रमांकांनी सांगतात. येथील जुन्या भागात मात्र पत्ता म्हणजे चालणाऱ्यास दिलेली सूचनाच असते. महापालिकेचाच पत्ता पाहा: 'तेरामाची रस्ता, ओइकेपासून वर'. हे दोन रस्ते मिळतात त्या चौकातून वर जावे. वर म्हणजे उत्तरेस, कारण प्राचीन राजवाडा उत्तरेस होता. खाली म्हणजे दक्षिणेस. आपल्याकडे मुले नक्षत्रांची नावे घोकतात, तशी तेथील मुले या आडव्या रस्त्यांची नावे क्रमाने गाण्यात पाठ करतात.

इतके सरळ शहर, आणि भाची पहिल्याच आठवड्यात वाट चुकली! तिचे विद्यापीठ 'साक्यो' विभागात आहे. त्यातील 'सा' म्हणजे डावा. ती अक्षरखूण येथूनच शिकून गेलेली. एका संध्याकाळी स्टेशनावरून परतताना फोनची बॅटरी संपली. थांब्यावरच्या नकाशात डावी बाजू पाहून ती खुशाल पश्चिमेकडच्या बसमध्ये बसली. परंतु ती डावी बाजू नकाशाची नव्हे, सम्राटाची! उत्तरेच्या राजवाड्यात दक्षिणेकडे तोंड करून बसणाऱ्या सम्राटाची डावी बाजू पूर्व. म्हणून 'डावा' विभाग आपल्या नकाशात उजवीकडे येतो.

चूक कळल्यावर ती दीड तास पायी भटकली. तिकडे रात्रीचे आठ, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार. 'दादा, पोरीचा फोन लागत नाही,' म्हणत धाकटी बहीण थेट आमच्या शाळेत आली. तो एक तास आमच्या कचेरीत कोणी कोणाशी बोलले नाही. साडेपाचला फोन आला. अखेरीस ती कोबानमध्ये, म्हणजे पोलिसांच्या छोट्या चौकीत शिरली होती. वाट सांगणे हे त्या चौक्यांचे नित्याचेच काम. तेथल्या शिपायाने नकाशा उघडून दाखविला व योग्य बसपर्यंत पोहोचविले.

'आधीच का नाही विचारलेस?' आम्ही रागावलो.

'मामा, अनोळखी माणसांशी बोलू नये, हे तुम्हीच तर शिकवलंत.'

आम्ही निरुत्तर झालो. प्रार्थनेनंतर हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे शेकडो मुलांना, विशेषतः मुलींना, सांगत आलो आहोत. लहानपणी ते योग्यच. पण मूल मोठे झाल्यावर ते परत कोण घेतो? कोणाला विचारावे, कसे विचारावे, हे शिकवायचे राहूनच जाते.

आता भाची कामो नदीवरून दिशा ओळखते. नदी शहरातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते; पाणी जाईल ती दक्षिण. उरलेल्या तिन्ही दिशांना डोंगर. या खुणांना बॅटरी लागत नाही. आमच्या बडोद्यातही पाहुण्यास एकदा मांडवी दाखविली, की लहेरीपुरा, पाणी, चांपानेर व गेंडी हे चारही दरवाजे चार दिशांना सापडतात. प्रत्येक गावाला असे एखादे नाक असतेच. ते आधी शोधावे, आणि राहत्या जागेचा पत्ता तेथल्या लिपीत कागदावर लिहून जवळ ठेवावा.

यंदा दहावीच्या मुलामुलींना आम्ही जोडीजोडीने, फोनावाचून, जुन्या शहरातल्या अनोळखी पोळीत पाठविले. विचारत विचारत जायचे आणि तेथल्या एका दुकानाची पाटी वहीत उतरवून आणायची. दोन जोड्या चुकल्या, उशिरा आल्या, पण आल्या. मुलांना दूर धाडणाऱ्या आईबापांनी हा एवढा गृहपाठ आधी घरीच करून घ्यावा.