पाण्यातील पोलादाचे गंजणे आणि निरोधकाची मात्रा

कार्बनी पोलाद पाण्यात गंजते ते विद्युत्-रासायनिक क्रियेमुळे. पृष्ठभागावरील काही ठिकाणी, म्हणजे धनाग्रांपाशी, लोह फेरस आयनांच्या रूपाने विरघळते. त्या वेळी मुक्त झालेले इलेक्ट्रॉन धातूतून ऋणाग्रांपाशी जातात. तेथे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे क्षपण होऊन हायड्रॉक्साइड आयन निर्माण होतात. या दोन्ही क्रिया परस्परावलंबी असल्याने एक रोखली की दुसरीही मंदावते. निरोधकांचा उपयोग याच तत्त्वावर आधारलेला आहे.

जस्ताचे क्षार हे ऋणाग्री निरोधक होत. ऋणाग्रापाशी पाणी अल्कधर्मी झालेले असते. त्यामुळे तेथे जस्ताचे हायड्रॉक्साइड साचते व ऑक्सिजनची वाट अडते. क्रोमेट व नायट्राइट हे धनाग्री निरोधक लोहावर ऑक्साइडाचे अतिशय पातळ पटल निर्माण करून त्यास निष्क्रिय करतात.

निरोधक थोडा घातला तर संरक्षणही थोडे मिळेल, असे अनुमान सहज केले जाते. ऋणाग्री निरोधकाच्या बाबतीत ते बव्हंशी खरे आहे; धनाग्री निरोधकाच्या बाबतीत मात्र ते घातक ठरते. मात्रा अपुरी पडल्यास बराचसा पृष्ठभाग पटलाखाली जातो, पण काही बिंदू उघडेच राहतात. पटलयुक्त विस्तीर्ण भाग ऋणाग्राचे कार्य करतो आणि सारा क्षय त्या इवल्याशा धनाग्रांवर एकवटतो. एकूण धातुक्षय कमी होऊनही खड्डे खोल जातात व नळीस भोक पडते. म्हणून केवळ वजनातील घटीवरून निरोधकाची परीक्षा करणे फसवे होय.

पुरेशी मात्रा ही स्थिर राशीही नव्हे. क्लोराइड आयन पटलास बाधक असल्याने त्यांचे प्रमाण वाढले की नायट्राइटही अधिक लागते. शिवाय काही जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि मात्रा नकळत घटते.

क्रोमेट अत्यंत प्रभावी खरे; परंतु षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. अमेरिकेत वातानुकूलनाच्या शीतन-मनोऱ्यांत 1990 साली, तर औद्योगिक मनोऱ्यांसाठी 1994 साली त्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली. त्याच्या जागी फॉस्फेट, फॉस्फोनेट, मॉलिब्डेट इत्यादी द्रव्ये, पुष्कळदा मिश्रणरूपाने, वापरली जातात. यांपैकी फॉस्फेट व मॉलिब्डेट यांना निष्क्रियता आणण्यासाठी सामान्यतः विरघळलेल्या ऑक्सिजनचे साहाय्य लागते, हेही विसरता कामा नये.

तात्पर्य, प्रयोगशाळेत निरोधकाची किमान पुरेशी मात्रा निश्चित करावीच. त्याबरोबरच त्या मात्रेच्या खाली पोलादाची अवस्था काय होते, याचीही नोंद अभ्यासकाने अवश्य करावी.