काचशिल्पाचे एक घराणे : लेखांक चौथा – नात्यांनी दिलेली मुभा

गेल्या लेखांकात काचेचा रस, भट्टी आणि साचे यांची हकीकत आली. परंतु एवढ्या सामग्रीवर कारखाना चालला, तरी घराणे उभे राहत नाही. फ्रान्समधील लालिक घराण्याचे चरित्र पाहता असे ध्यानात येते की, त्याच्या कलेला जी नवी वळणे लाभली, त्यांच्या मुळाशी बहुधा कोणा ना कोणा माणसाने टाकलेला भरवसा होता.

१८६० साली शांपेन प्रांतातील आय गावी जन्मलेले रने लालिक, पितृछत्र हरपल्यावर वयाच्या सोळाव्या वर्षी, पॅरिसचे जवाहिरे लुई ओकोक यांच्याकडे उमेदवारीस राहिले आणि १८८५ मध्ये स्वतःच्या कारखान्याचे धनी झाले. दागिन्याचे मोल हिऱ्यांवरून ठरवण्याचा दस्तूर असलेल्या त्या काळी शिंग, हस्तिदंत, मीनाकाम आणि काच यांना सोन्याच्या पंक्तीस बसवण्याचे धाडस त्यांनी केले. सारा बर्नार यांच्यासारख्या विख्यात नटीने ते अलंकार रंगभूमीवर मिरवले, तेव्हा त्या धाडसाला प्रतिष्ठा लाभली.

त्याहून मोठा आश्रय दिला तो कालूस्त गुलबेंकियन या आर्मेनियन वंशाच्या तेलव्यापाऱ्याने. त्यांच्या संग्रहातील, आज लिस्बनच्या संग्रहालयात असलेला, चतुराचा उरोभूषण-अलंकार पाहावा : कीटकाच्या जबड्यातून हिरव्या क्रिसोप्रेजची स्त्रीप्रतिमा वर येते, पारदर्शी मीनाकामाचे पंख बिजागरीवर हलतात, आणि खाली सोन्याचे विक्राळ पंजे पसरलेले असतात. सुमारे एक वीत रुंदीचा हा जिन्नस नित्य वापरासाठी कोण विकत घेणार? परिधानाची अट न घालणारा रसिक भेटला, म्हणूनच अलंकाराला शिल्प होण्याची मुभा मिळाली.

पॅरिसच्या प्लास वांदोम चौकात लालिक यांचे दुकान होते; तेथील शेजाराने याच्या नेमके उलट घडवले. सुगंधी द्रव्यांचे व्यापारी फ्रांस्वा कोती यांनी अत्तराच्या कुप्यांची कामगिरी लालिक यांच्यावर सोपवली; एकमेव वस्तू घडवणाऱ्या हाताला एकाच साच्यातून अनेक प्रती काढण्याचा विचार करावा लागला, आणि त्यातूनच १९०९ मध्ये कोंब-ला-व्हिल येथील काचकारखाना भाड्याने घेण्याची तजवीज झाली. त्याच वर्षी पत्नी आलीस निवर्तल्या. शिल्पकाराच्या घरातून आलेल्या या स्त्रीची मुद्रा पतीच्या अनेक कलाकृतींतून उमटली आहे.

१९२१ मध्ये आल्सासमधील वँजां-सुर-मोदेर येथे नवा कारखाना निघाला, तोही काचकामाचे हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या कारागिरांच्या मुलखात. तेथे साच्यातून निघालेल्या वस्तूची शिवण घासून काढणे, कुठे झळाळी ठेवायची आणि कुठे दुधाळ मंदपणा आणायचा हे सांभाळणे, ही कामे अनुभवी हाताची व डोळ्याची आहेत. साचा जुना असला, तरी ही नजर दर पिढीला नव्याने शिकवावी लागते.

१९४५ साली रने वारल्यानंतर पुत्र मार्क यांनी साध्या काचेच्या जागी शिसेयुक्त स्फटिककाच आणली. माध्यम बदलले, परंतु पित्याने शिकवलेला पारदर्शक व अपारदर्शक पृष्ठांचा खेळ त्यांनी अधिक खुलवला. १९७७ मध्ये नात मारी-क्लोद यांच्याकडे सूत्रे आली, तेव्हा त्यांनीही स्वतःच्या कल्पनेची नवी शिल्पे या परंपरेत आणली. ज्या घराण्यात आश्रयदाता अट घालत नाही, शेजारी नवे काम मागतो आणि पिता पुत्राला आपल्याहून वेगळे घडू देतो, त्याचीच कला एका माणसाच्या आयुष्याहून दीर्घायुषी होते.

(पुढील लेखांकात : वँजांचे कारागीर)