अल्टर केलेला सूट तरीही बसत नाही, तेव्हा

मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याच्या पट्ट्यात नवरदेवाचा सूट पुष्कळदा पुण्याहून येतो. लक्ष्मी रोडवर खरेदी होते, दुकानातला कारागीर तिथल्या तिथे खडूच्या खुणा करून कंबर आवळून देतो. घरी आल्यावर कळतं की कोट पाठीत ताणतोय आणि बाही बोटांवर येतेय. पुन्हा तेवढ्या लांब कोण जाणार? मग गावातल्या मास्तरांना गाठायचं, आणि तेही बिचारे आधीच्या टिपेवरच दुसरी टीप मारतात, कारण लग्न चार दिवसांवर असतं. सूट बिघडतो तो बहुधा या दुसऱ्या हातात. त्यात मास्तरांचा दोष थोडा आणि आपल्या ठाम समजुतींचा जास्त.

पहिली समजूत अशी, की एकदा अल्टर झालेला सूट आता हाताबाहेर गेला. खरं म्हणजे सगळं एका गोष्टीवर ठरतं: आवळताना जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलंय की कापून टाकलंय. शिवणीतली माया शाबूत असेल, तर पहिलं काम पूर्ण उसवून सूट मूळ मापावर आणता येतो. म्हणून दुसऱ्या मास्तरांकडे गेल्यावर ‘अजून थोडं आवळा’ असं सांगू नये. ‘मास्तर, आधीचं उसवा, अस्तराच्या आत किती कापड उरलंय ते बघा, मग ठरवू,’ असं म्हणावं. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत सहसा इंच-दीड इंच माया मिळते. कोटाच्या बाजूच्या शिवणींत ती कमी असते, आणि खांद्यात जवळजवळ नसतेच. लोकरीच्या कापडावरची जुनी टीप वाफेच्या इस्त्रीने बरीचशी मिटते. बाजारात जास्त चालणाऱ्या टेरी-व्हिस्कोसवर, आणि सॅटिन किंवा मखमलीवर तर नक्कीच, सुईच्या भोकांची रेघ राहते. चुलतभावाचा तीन वर्षं वापरलेला कोट सैल करून घालायचा असेल, तर आतलं न विटलेलं कापड बाहेर येऊन वेगळ्या रंगाची पट्टीही दिसू शकते. हे आधी विचारून घ्यावं.

आता सर्वांत महागात पडणारी समजूत. हात वर केला की कोट ताणतो, म्हणून लोक सांगतात, ‘मुंढा मोठा करा.’ ऐकायला बरोबर वाटतं, पण घडतं नेमकं उलट. मुंढा काखेच्या जवळ असेल, तर हात उचलल्यावर फक्त बाही वर जाते आणि कोट जागेवर राहतो. मुंढा खाली खोदला की बाहीबरोबर कोटाची अख्खी बाजू ओढली जाते. अक्षता टाकायला हात वर केला की पोटावरचं बटण छातीकडे सरकतं आणि कॉलर मानेवर चढते, ते यामुळे. शिवाय खोदलेला मुंढा पुन्हा भरता येत नाही, कारण तिथलं कापड गेलेलं असतं. काखेत खरोखर रुतत असेल तर थोडं कमी करणं रास्त आहे. पण ओढ पाठीतून येत असेल, तर पाठीच्या मधल्या शिवणीतून किंवा बाहीच्या मागच्या शिवणीतून अर्धा इंच सोडून बघावा. गुण बहुतेकदा तिथेच येतो. मास्तरांनी कात्री उचलण्याआधी कच्चा धावदोरा घालून कोट अंगावर चढवायचा आग्रह धरा. त्यात ते रागावले तर रागावू द्या.

कॉलरचंही तसंच. मानेमागे कॉलर उभी राहून फट दिसली की आपण म्हणतो, कॉलर मोठी झाली, छाटा. पुष्कळदा कॉलर ठीक असते आणि अडचण असते खांद्याच्या उतारात किंवा पाठीच्या ठेवणीत. छातीत घट्ट असलेला कोटही मागून कॉलर उचलतो. कॉलरखाली आडवी घडी पडत असेल तर खांदे त्या कोटाच्या मापापेक्षा ताठ आहेत. फक्त एकाच बाजूला सुरकुती असेल तर एक खांदा उतरता आहे, आणि असे खांदे पुष्कळांचे असतात. उतरत्या बाजूला पातळ पॅड वाढवला की काम होतं, कॉलरला हातही लावावा लागत नाही. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो फारसा कुणी सुचवत नाही.

खांदा शेवटी बघू, असं म्हणणाऱ्यांना काय सांगावं! खांद्याची शिवण हाडाच्या पुढे लोंबत असेल आणि बाहीच्या वरच्या टोकाला खड्डा पडत असेल, तर दोन्ही बाह्या काढाव्या लागतात, पॅड आणि आतला कॅनव्हास सरकवावा लागतो. त्याला फार कौशल्य लागतं. विकत घेतानाच खांदा आणि छाती बसत असेल तर घ्या. कंबर, बाही, पँटची लांबी ही नंतरची कामं आहेत. बाहीबद्दल एक खूणगाठ: मनगटाजवळची बटणं नुसती शोभेची असतील, तर बाही खालून लहान करता येते. काज खरोखर कापलेले असतील, तर ती वरून, खांद्याकडून लहान करावी लागते आणि मजुरी वाढते. कोटाची उंची इंचापेक्षा जास्त कमी केली की खिसे खाली ओघळल्यासारखे दिसतात. पँटची कंबर दोन इंचांहून जास्त आवळली की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात, आणि ते फोटोत फार दिसतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच. साखरपुड्यानंतर माप दिलेला नवरदेव पुढचे दोन महिने केळवणं जेवत फिरतो. आज आत्याकडे पुरणपोळी, उद्या मामाकडे मटण. मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बटण लागत नाही म्हणून मास्तरांच्या नावाने शिमगा होतो. शेवटची ट्रायल लग्नाच्या आठवडाभर आधी, तोच शर्ट आणि तेच बूट घालून घ्यावी. त्याआधी कंबर पक्की करू नये.

महागाचा सूट आपोआप बसत नाही. महाग कापड नुसतं चांगलं झुलतं. आणि ‘एक इस्त्री मारली की बसेल’ हेही खोटं. उलट चिकटवलेल्या फ्युजिंगच्या कोटाला फार गरम इस्त्री लागली किंवा तो घरी पाण्यात धुतला, तर छातीवर फुगे येतात आणि ते सहसा जात नाहीत.

शेवटी पैशांचं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलं की विषय संपला, असं अनेकांना वाटतं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला किंवा सेवेतल्या उणिवेबद्दल पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणंही तीच. शिलाई ही सेवाच आहे. मात्र आपणच चुकीचं माप निवडलं असेल, तर तो मालाचा दोष ठरत नाही. दुकानाने केलेलं अल्टरेशन फसलं असेल आणि दरम्यान दुसऱ्या मास्तरांनी कोट उसवला असेल, तर कुणाची चूक हे सिद्ध करणं अवघड होतं. म्हणून गावातल्या मास्तरांकडे देण्याआधी सूट अंगावर घालून पुढून, मागून, बाजूने फोटो काढा, बिल जपा आणि दुकानाला लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. खरेदी मुंबईची असली, तरी जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतला रहिवासी तक्रार पुण्याच्या आयोगात करू शकतो.